निडीला पाऊस तीन हजार, तरी रान कोरडे! मग कोरडवाहू कोणी केले?



तालुक्याच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "आपण कापूस-ज्वारीवाले. आपल्या नशिबी पाऊसच नाही. देव देत नाही तिथे सरकार काय करणार?" हे वाक्य ऐकले की सरकारला गुदगुल्या होत असतील. पाप सरकारचे आणि पावती देवाच्या नावाने फाटते. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा रायगड जिल्ह्यात निडीला जाऊन यावे.

दिवा-रोहा लोहमार्गावर पेण, कासू, नागोठणे गेले की निडी लागते आणि मग रोहा. उत्तरेला नागोठण्याची अंबा नदी, दक्षिणेला रोह्याची कुंडलिका. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला खाडी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्या यवतमाळला हजाराच्या आसपास पडतो, सोलापुराकडे साडेपाचशे पडला तरी लोक बरे वर्ष म्हणतात. म्हणजे सोलापूरकराच्या पाचपट पाऊस निडीच्या शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

आणि त्याच्या शेतात काय पिकते? भाताचे एक पीक. दसऱ्या-दिवाळीला भात कापला की कालव्याचे पाणी पोचते तेवढ्या रानात उन्हाळी भात, बाकीच्यात उरलेल्या ओलीवर वाल. आपला शाळू जसा काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर येतो, तसाच त्यांचा वाल. शाळूला जसे एक पाणी मिळाले तर दाणा दुप्पट भरेल आणि ते एक पाणीच मिळत नाही, तसेच तिथेही. फेब्रुवारी संपता संपता रान उघडे पडते आणि घरातला तरुण मुंबईची, पनवेलची गाडी पकडतो.

तीन हजार मिलिमीटरचा शेतकरी आठ महिने कोरडवाहू आणि पाचशे मिलिमीटरचाही कोरडवाहू! मग कोरडवाहू हा पावसाचा प्रश्न उरला कुठे? कोरडवाहू ही जमिनीची जात नव्हे. पाण्याच्या वाटपात शेतकऱ्याला जिथे बसवले त्या जागेचे ते नाव आहे. पंगतीत शेवटी बसवायचे आणि भात संपला की म्हणायचे, तुझे पोटच लहान.

सोलापूरचे पाणी रोह्याला कसे गेले?

ज्वारीवाल्यांनी ही गोष्ट नीट ऐकावी, कारण यात त्यांचेच पाणी आहे.

पुणे जिल्ह्यात मुळशी पेठेत मुळा आणि निळा या नद्यांचा संगम होता. हे पाणी निसर्गाने पूर्वेला वाहते केले. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग उजनी, मग पंढरपूर, मंगळवेढा. म्हणजे मालदांडी ज्वारीच्या मुलखातून जाणारे हे पाणी. टाटा कंपनीने मुळशीला धरण घालून ते अडवले आणि बोगद्यातून, नळांतून सह्याद्रीच्या पलीकडे उतरवले. खाली भिऱ्याला १९२७ साली वीजघर सुरू झाले. त्याआधी खोपोलीचे १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली झालेले होते. वीज गेली मुंबईला. गिरण्या चालल्या, ट्राम चालली, दिवे लागले.

मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी एवढ्या जिद्दीने दिलेला देशातला हा पहिला मोठा लढा. गोऱ्या सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला, सत्याग्रही तुरुंगात गेले, गावे पाण्याखाली गेली. गोरे गेले, कायदा राहिला, धरण राहिले, पाणी पश्चिमेला जातच राहिले. कृष्णा पाणीतंटा लवादाने सत्तरच्या दशकात निवाडा दिला, त्यात कोयनेच्या विजेसाठी दरसाल ६७.५ टीएमसी आणि टाटांच्या धरणांसाठी सरासरीने चाळीसहून अधिक टीएमसी पाणी खोऱ्याबाहेर नेण्याची मुभा कायम झाली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. शंभर टीएमसीवर पाणी पावसाच्या छायेतल्या मुलखातून उचलून पावसाने न्हाणाऱ्या मुलखात ओतले जाते! पहाटे उठून ज्वारी राखणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले का?

भिऱ्याला वीज काढून सोडलेले हे पाणी कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाळला सरकारने बंधारा घालून डावा-उजवा कालवा काढला. रोहे तालुक्यात कालव्याखाली जो उन्हाळी भात दिसतो तो या पाण्यावर. वाटेत कोलाडला शहरातले पाहुणे रबरी होड्यांत बसून याच पाण्यावर उड्या मारत जातात. सकाळी वीजघर पाणी सोडते त्या वेळेप्रमाणे त्यांची मौज चालते. मौजेला आमची हरकत नाही. पण वीजघराचे वेळापत्रक होडीवाल्याला तोंडपाठ असते, तर कालव्याचे वेळापत्रक शेपटाच्या शेतकऱ्याला का नसावे? कालवा फुटका, चाऱ्या बुजलेल्या, शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही, ही रड तिथेही आहे आणि आपल्या ओलिताखालच्या गावांतही आहे. पाणी नदीत आहे, कालवा नकाशावर आहे आणि शेत कोरडे आहे!

जुने ते सोने होते काय?

काही शहरी विद्वान म्हणतात, धरणे वाईट, कालवे वाईट, जुन्या पद्धतीकडे चला. भावांनो, जुन्या पद्धतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण भुलण्यासारखे काही नाही.

पेण-अलिबागच्या खारेपाटात बघा. समुद्राच्या भरतीला मातीचे बांध घालून, उघडीच्या दारांनी गोडे पाणी बाहेर आणि खारे पाणी दूर ठेवून शेतकऱ्यांनी खाडीतून भाताची जमीन काढली. बाहेरच्या बांधाला खांड पडली तर एकाची नव्हे, साऱ्या शिलोत्राची शेती बुडे. म्हणून जोळ पद्धत होती. घरटी माणूस जाई आणि बांध बांधला जाई. अभियंता नव्हता, निविदा नव्हती, टक्केवारी नव्हती. चिखलात उभा राहणारा आणि भात खाणारा एकच होता, म्हणून बांध टिकत होता. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली नवा कायदा झाला, बांधांचा कारभार हळूहळू सरकारी खात्याकडे गेला. आज खांड पडली की अर्ज, अर्जावर पाहणी, पाहणीवर अंदाजपत्रक, तोपर्यंत रानात मीठ आणि तिवर.

तीच गोष्ट खानदेशच्या फडांची. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे ओलीत केले. गावाच्या ओलिताची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, ऊस कोणत्या फडात हे दरसाल फिरवायचे, म्हणजे उसाचा मक्ता कोणा एकाकडे राहू नये. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकरीच देणार. नदीला पाणी कमी आले तर लागवडच कमी करायची. दुष्काळ सर्वांनी वाटून घ्यायचा. ही अक्कल कोणत्या विद्यापीठाने शिकवली होती?

पण याची दुसरी बाजू लपवायची नाही. खारेपाटातला बांध कुळाने घातला आणि भात खोताने नेला. म्हणून तर अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ शेती पडीक ठेवून संप केला. सहा वर्षे! उपासमार सोसली, पण खोताला दाणा दिला नाही. फडातही ज्याची जमीन फडात त्यालाच पाणी. भूमिहीन आणि माळावरचा तेव्हाही कोरडाच.

तेव्हा जुन्याचे गोडवे गायचे नाहीत आणि नव्याच्या आरत्याही ओवाळायच्या नाहीत. जुन्या काळात पाण्याचा कारभार शेतकऱ्याच्या हाती होता आणि पीक खोताच्या हाती. नव्या काळात खोत गेला आणि कारभार साहेबाच्या हाती गेला. शेतकऱ्याच्या हाती पाणी आणि पीक दोन्ही एकदम कधी येणार, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याचा एकाधिकार

कापूसवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. सरकार म्हणाले, व्यापारी लुटतो, आता आम्हीच एकटे विकत घेऊ. आणि मग? रांगा, प्रतवारीची मनमानी, चुकाऱ्याची वाट, सीमेवर कापूस नेला तर गुन्हा. वऱ्हाडातला शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर आला आणि तो एकाधिकार आज उरलेला नाही. पण पाण्याचा एकाधिकार शाबूत आहे. नदी सरकारची, धरण सरकारचे, कालवा सरकारचा, वाटप सरकारचे. आणि जो एकटाच वाटतो तो कोणाला वाटतो?

पेणचे हेटवणे बघा. भोगावती नदीवर धरण झाले. पेणच्या गावांना सांगितले, तुमच्या शेतात कालवा येणार, दुबार भात होणार. धरण उभे राहिले, पाणी साठले, नवी मुंबईकडे सिडकोचे नळ गेले. कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे अर्धवट. मग महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र आले आणि हीच जमीन कारखानदारीला मागू लागले. शेतकरी म्हणाले, ही तर धरणाच्या लाभक्षेत्राची जमीन! ज्या जमिनीला पाणी द्यायला धरण बांधले तीच जमीन घेता? लढा एवढा पेटला की २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला पेणच्या २२ गावांत जनमत घ्यावे लागले. शेतकरी रांगा लावून 'नाही' म्हणाले. पुढे भूसंपादन रखडले आणि ते क्षेत्र बारगळले. जमीन वाचली. पण जमिनीसाठी जनमत झाले तसे पाण्यासाठी झाले का? पाणी नळाने गेले ते कोणाला न विचारता गेले.

कारण ते विचारायचे नाही, अशी सोयच करून ठेवली होती. २००३ च्या राज्य जलनीतीत प्राधान्यक्रम लावला तो असा: आधी पिण्याला, मग उद्योगाला, मग शेतीला. धरणांसाठी जमिनी गेल्या शेतकऱ्याच्या, कर्ज काढले सिंचनाच्या नावाने आणि रांगेत शेतकरी तिसरा! त्याच काळात मंत्र्यांची उच्चाधिकार समिती बसली आणि सिंचनाच्या धरणांचे पाणी शहरांना, कारखान्यांना वाटत सुटली. त्यात कोकणातले हेटवणे होते आणि आपल्या वऱ्हाडातले अप्पर वर्धाही होते. अप्पर वर्ध्याचे पाणी अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला दिले. कापसाच्या शेतकऱ्याची आत्महत्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आणि त्याच्या धरणाचे पाणी बॉयलरमध्ये!

लोकांनी ओरड केली, तेव्हा २०११ साली शेतीला कागदावर पुन्हा दुसऱ्या जागी आणले. पण त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून आधीच्या वाटपांना कवच घातले. चोरी झाल्यावर घराला कुलूप लावायचे आणि चोराला किल्ली द्यायची, यालाच म्हणतात सुधारणा.

आणि एवढे करून ओलीत किती वाढले? राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसले, दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचे प्रमाण वाढले ०.१ टक्का. खर्च झाला होता सत्तर हजार कोटींच्या घरात. सरकारने मग श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे मांडले. आकड्यांची कुस्ती त्यांनी खेळावी. पऱ्हाटीला पाणी मिळाले का, एवढेच आम्ही विचारतो. जे काही ओलीत आहे त्यातही उसाची गत अशी की, राज्यातल्या लागवडीच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवले. ऊसवाला शेतकरी आपला शत्रू नाही. त्याला बाकी कशात भाव मिळू दिला नाही म्हणून तो उसाकडे गेला. पण पाणी मोजून आणि हिश्शाने दिले असते तर ही वेळ आली नसती.

आपल्यात भांडण लावतील, सावध!

साहेब म्हणतील, कारखाना एका घागरीत जेवढा रुपया काढतो तेवढा शेतकरी शंभर घागरींत काढत नाही. मग पाणी कारखान्याला का देऊ नये? उत्तर सोपे आहे. पाण्याची किंमत एवढी असेल तर ती पाणी ज्याचे आहे त्याला द्या. जमीन घेताना निदान मोबदल्याचे नाटक तरी करता. पाणी घेताना नाटकही नाही! शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्याला पाण्याचे मोल काढू द्यायचे नाही आणि मग म्हणायचे, तुला पाण्याचे मोल काढता येत नाही. हा कुठला न्याय?

दुसरा डाव जास्त वाईट. आपण म्हणू, मुळशीचे पाणी पूर्वेला वळवा. लगेच रोह्याच्या शेतकऱ्याला सांगतील, बघ, सोलापूरवाला तुझा उन्हाळी भात पळवतोय. आणि सोलापूरकराला सांगतील, बघ, कोकण्याला तीन हजार पाऊस, वर तुझे पाणी. दोन उपाशी भाऊ भांडतील आणि ताट तिसराच नेईल.

म्हणून आपली भूमिका आधीच स्वच्छ सांगू. डोलवहाळच्या कालव्यांच्या शेतकऱ्याचे लागते ते पाणी आधी मोजून, लिहून बाजूला काढा. त्याच्या एका चारीलाही आपण हात लावणार नाही. मुळशी धरण झाले तेव्हा विजेला दुसरा मार्ग नव्हता असे समजू. आज वीज कोळशाची आहे, वायूची आहे, सूर्याची आहे. ज्वारीला मात्र आजही पाण्याशिवाय दुसरे काही चालत नाही. कोकणातल्या भातकऱ्याशी आपले भांडण नाही. तो आणि आपण दोघेही एकाच पंगतीच्या शेवटाला बसलेले आहोत.

मग करायचे काय?

शेतकऱ्याला पाण्याचा कारभार जमत नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या वाघाड धरणावर न्यावे. तिथे ओझरपासून नव्वदीच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे शेपटापासून मुखापर्यंतच्या संस्थांनी मिळून प्रकल्पाच्या पाण्याचा कारभार हाती घेतला. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशोबाने नव्हे, माणसांच्या हिशोबाने, माणशी अर्धा एकर. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. सांगलीत येरळा नदीवर बळीराजा धरण शेतकऱ्यांनी स्वतः उभे केले आणि पाणी समान वाटले. जोळीची मेहनत, फडाची शिस्त, पाणी पंचायतीचा न्याय आणि आजचे पंप, नळ, मीटर, ठिबक, हे सारे एकत्र येऊ शकते. अडवतो तो फक्त एकाधिकार.

जिल्हा मेळाव्यापुढे खालील ठराव मांडावेत, प्रत्येक गावाने त्यावर बोलावे, आणि पटले तरच हात वर करावा:

१. जमिनीचा सातबारा आहे तसा पाण्याचा सातबारा हवा. प्रत्येक प्रकल्पात कोणत्या गावाचे, कोणत्या खातेदाराचे आणि भूमिहीनाचे किती घनमीटर पाणी, हे नावानिशी लिहून द्यावे.

२. हे पाणी ग्रामसभेच्या आणि पाणीवापर संस्थेच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही शहराला वा कारखान्याला देऊ नये. संमतीने दिले तर त्याचे दाम हक्कदाराच्या हाती पडावे, सरकारच्या तिजोरीत नव्हे. पिण्याच्या पाण्याला कोणी आडवे जाणार नाही, पण पिण्याच्या नावावर बागा आणि कारखाने चालवू नयेत.

३. पाणी मोजून मिळावे, शेपटाकडून मुखाकडे मिळावे, आणि कालव्याच्या तोंडाशी रोजचा विसर्ग फळ्यावर लिहावा.

४. पश्चिमेला उतरवलेल्या पाण्याचा साल-दरसाल हिशोब जाहीर करावा. कोकणातल्या कालव्यांचा हक्क राखून बाकीचे पाणी टंचाईच्या वर्षी पूर्वेच्या कोरडवाहू गावांना द्यावे.

५. कोरडवाहू शेतकऱ्याला बारमाही पाणी नको. कापसाला बोंडे भरताना दोन पाणी, ज्वारीला निसवताना एक पाणी, एवढी हमी लेखी द्यावी. तेवढ्याने आमचे घर उभे राहते.

शेवटी एकच सांगणे. मेळाव्याला येताना आपल्या गावाला जवळ असलेल्या धरणाचे नाव, त्याचे मंजूर लाभक्षेत्र आणि त्यात आपले गाव आहे की नाही, एवढे लिहून आणा. तलाठ्याला विचारा, पाटबंधारे कचेरीत विचारा, उत्तर दिले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. पेणच्या शेतकऱ्यांना 'आमची जमीन लाभक्षेत्रात आहे' हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी जमीन राखली. आपल्याला ते ठाऊक नाही, म्हणून आपण देवाला दोष देत बसलो आहोत.

देवाने निडीला तीन हजार मिलिमीटर दिले. पुढचे त्याचे काम नव्हते.